सिडकोतल्या घराला लावलेला स्वस्तातला आयपी कॅमेरा रोज संध्याकाळी बंद पडतो

तुळसपान | रविवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आई नाशकात सिडकोच्या आमच्या जुन्या घरात एकटी. वय ६८, तब्येत ठणठणीत, आणि घर सोडून माझ्याकडे यायची तिची अजिबात तयारी नाही. यंदा दिवाळीत आमच्याच गल्लीतलं एक कुटुंब गावी गेलं होतं, तेव्हा कुलूप तोडून चोरी झाली. आई भीती वाटते असं बोलून दाखवत नाही. पण रात्रीच्या फोनवर दोन-दोनदा सांगते, "कडी लावली बरं का गं." म्हणून भाऊबीज झाल्यावर मी एम. जी. रोडवर गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

बाहेर लावायचा, वायफायवाला, तीन मेगापिक्सेलचा, २२०० रुपयांचा. ६४ जीबीचं कार्ड वेगळं घेतलं. यापेक्षा जास्त खर्च करायची ऐपत आत्ता नाही, आणि गेट, पोर्च, स्कूटर एवढंच दिसायला हवं होतं.

पहिली संध्याकाळ नुसती जोडणीतच गेली. कोणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते. अॅप घेतलं, खातं उघडलं, वायफायचा पासवर्ड टाकला, फोनवर आलेला क्यूआर कोड कॅमेऱ्यासमोर धरला. कॅमेरा कोड वाचल्याचं बोलून सांगायचा आणि मिनिटभराने "कनेक्शन फेल्ड". असं सात-आठ वेळा झालं. शेवटी कारण कळलं ते असं. स्वस्त कॅमेऱ्यांना बहुतेक २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं. आमचा फायबरचा राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने सोडत होता आणि माझा फोन ५ वर बसला होता. राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेले (आमच्याकडे १९२.१६८.१.१, राउटरच्या खालच्या लेबलवर पत्ता असतो), दोन्हींची नावं वेगळी केली आणि २.४ च्या नावापुढे नुसतं "घर२" लिहिलं. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ होता तो डब्ल्यूपीए२ केला. फोन "घर२" ला जोडला, ब्राइटनेस पूर्ण वाढवला, कोड कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर धरला आणि हळूहळू मागे नेला. पहिल्या फटक्यात जोडला गेला.

रात्रभर हॉलमध्ये टेबलावर ठेवून पाहिला, झकास चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनकडून पोर्चच्या छज्जाखाली बसवून घेतला आणि दुपारच्या बसने पुण्याला आले.

आता दुखणं. दिवसभर कॅमेरा उत्तम चालतो. गेटवरचा भाजीवाला, आईचं तुळशीला पाणी घालणं, सगळं स्वच्छ दिसतं. आणि रोज संध्याकाळी सव्वासहा-साडेसहाच्या सुमाराला अॅपमध्ये "डिव्हाइस ऑफलाइन". सकाळी पावणेसातच्या आसपास आपोआप परत चालू. म्हणजे ज्या वेळेसाठी घेतला तीच वेळ सोडून बाकी सगळं दिसतं. मला वाटतं संध्याकाळी गल्लीतले सगळे घरी येतात, सगळ्यांची वायफाय चालू होतात, त्यात आमच्या कॅमेऱ्याचा सिग्नल दबतो. बरोबर आहे का? आणि पुण्यात बसून काय करता येईल?

गंगापूररोड | रविवार, रात्री १०.२५

तुमचा अंदाज शक्यतेतला आहे. सिडकोत घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे २.४ वर तुफान गर्दी असते. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. राउटर "ऑटो" वर असेल तर तो संध्याकाळी गर्दी पाहून चॅनल बदलतो, आणि काही कॅमेऱ्यांना ते पेलत नाही. फोनवर वायफाय अॅनालायझरसारखं एखादं अॅप घ्या, कोणता चॅनल मोकळा आहे बघा आणि तो कायमचा ठरवून टाका. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको.

जेलरोडकाका | सोमवार, सकाळी ७.१०

दोन्ही वायफायची नावं वेगळी करायची ही माहिती अत्यंत उपयोगी. माझा कॅमेरा दोन महिने खोक्यात पडून आहे, मुलगा आला की बघू म्हणून. मी प्रेसमधून निवृत्त झालो, दिवसभर मोकळा असतो, पण हे जमत नव्हतं. आज बसतो.

ताई, संध्याकाळी लाइट जात नाही ना? राउटर इन्व्हर्टरवर आणि कॅमेरा नुसत्या मेनवर असं असेल तर घरात काही कळत नाही, कॅमेरा मात्र बंद.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८.०५

मी सातपूरला कंपनीत आहे. आमच्याकडे होल्डरमध्ये बसणारा बल्बसारखा कॅमेरा आणला होता. वडील सवयीने रात्री झोपताना पोर्चचं बटन बंद करायचे आणि कॅमेरा जायचा. तुमच्याकडे तसं काही बटन आहे का? आम्ही शेवटी बटनावर चिकटपट्टी मारली.

तुळसपान | मंगळवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. शेजारचा बारावीतला मुलगा गुणी आहे, त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन राउटरचं पान उघडलं. चॅनल ११ केला, रुंदी २०. काल बरं वाटलं, पण ६ वाजून २० मिनिटांनी पुन्हा ऑफलाइन. आज ६.१८.

काका, लाइट जात नाही, आईला विचारलं. कॅमेऱ्याला वेगळं बटनही नाही, हॉलच्या सॉकेटमधून खिडकीच्या भोकातून वायर गेली आहे.

गंगापूररोड | मंगळवार, रात्री ९.४०

मग राउटरमध्ये कॅमेऱ्याचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा नंबर, राखून ठेवा. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत कॅमेऱ्याचा मॅक पत्ता (उपकरणाची कारखान्यातूनच येणारी ओळख) दिसेल, त्याला डीएचसीपी रिझर्व्हेशन नावाच्या सेटिंगमध्ये कायमचा एक नंबर देऊन टाका, समजा १९२.१६८.१.५०. कधी कधी दोन उपकरणांना एकच पत्ता मिळतो आणि दोघांपैकी एक गळतं.

तारजोड | मंगळवार, रात्री ११.३०

मी अंबडला राहतो, बारा वर्षं कॅमेरे आणि नेटवर्किंगचंच काम करतो. आयपी राखून ठेवणं चांगलंच, पण हे दुखणं वायफायचं वाटत नाही. गर्दीने सिग्नल दबला तर चित्र अडकतं, येतं-जातं, रात्री अकरानंतर सुधारतं. तुमचा कॅमेरा ठरल्या वेळी जातो आणि उजाडल्यावर येतो. नाशकात सध्या सूर्यास्त सहाच्या आगेमागे आहे, ते लक्षात घ्या.

मला तीन गोष्टी सांगा. घरात टेबलावर रात्रभर चालला तेव्हा वायर कोणती होती आणि आता कोणती आहे? कार्डावर संध्याकाळनंतरचं रेकॉर्डिंग सापडतं का? आणि संध्याकाळी कॅमेरा बंद पडतो त्या वेळी आईंना त्याच्याखाली दोन मिनिटं उभं राहायला सांगा. काय दिसतं, काय ऐकू येतं, जसंच्या तसं विचारा.

तुळसपान | बुधवार, सायंकाळी ७.४०

तारजोड दादा, आधी आईचं सांगते. मी विचारायच्या आधीच तिला माहीत होतं! ती म्हणाली, "अगं तो संध्याकाळी टकटक करतो की. मी तुळशीपाशी दिवा लावायला येते ना, तेव्हा टक होतं. लाल लाल ठिपके लागतात, लगेच विझतात. मग जरा वेळाने परत टक. मला वाटलं त्याचं तसंच असतं." आज फोन चालू ठेवून ती तिथे उभी राहिली आणि मलाही ऐकू आलं. टक, मग साधारण मिनिटभर काही नाही, मग कॅमेऱ्यात बोलणाऱ्या बाईचा आवाज, "सिस्टिम इज स्टार्टिंग", मग पुन्हा टक. चार वेळा मोजलं.

कार्डावर ६.१८ पासून सकाळी ६.४३ पर्यंत काही नाही, मधे दहा-पंधरा सेकंदांचे तुकडे आहेत, तेही उघडत नाहीत.

वायर : खोक्यातली एक मीटरची होती, टेबलावर तीच वापरली. बाहेर ती पुरत नव्हती म्हणून इलेक्ट्रिशियनने पाच मीटरची यूएसबी केबल आणली, अॅडॉप्टर हॉलमध्येच ठेवला.

तारजोड | बुधवार, रात्री ८.२०

आईंनी निदान करून टाकलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

ते "टक" म्हणजे लेन्सच्या मागची छोटी फिल्टर-काच सरकल्याचा आवाज. दिवसा ती काच इन्फ्रारेड प्रकाश अडवते, म्हणून रंग खरे दिसतात. अंधार पडला की कॅमेरा काच बाजूला करतो आणि स्वतःचे इन्फ्रारेड दिवे लावतो. आईंना दिसलेले लाल ठिपके तेच. ८५० नॅनोमीटरचे दिवे डोळ्याला मंद लाल दिसतात, ९४० चे दिसत नाहीत.

दिवे लागले की कॅमेऱ्याची विजेची भूक एकदम वाढते. अॅडॉप्टर ५ व्होल्ट सोडतो, पण बाजारात मिळणाऱ्या लांब यूएसबी केबलमधली तांब्याची तार बहुधा केसासारखी बारीक असते. २८ गेज धरली तर मीटरला ०.२१ ओहमच्या आसपास रोध. पाच मीटर जाताना, पाच मीटर परत, झाले दहा मीटर, म्हणजे २.१ ओहम. कॅमेऱ्याने दिवसा पाव अॅम्पियर ओढला तर अर्धा व्होल्ट वायरीत जातो, साडेचार उरतात, कसंबसं चालतं. रात्री अर्धा अॅम्पियर ओढला की एक व्होल्टच्या वर जातो आणि चारच्या खाली आल्यावर कॅमेरा मरतो. मेला की दिवे विझतात, व्होल्टेज वर येतं, पुन्हा चालू होतो, अंधार पाहतो, टक, पुन्हा मरतो. रात्रभर हेच चक्र. कार्डावरचे न उघडणारे तुकडे म्हणूनच. रेकॉर्डिंगची फाइल नीट बंद व्हायच्या आत वीज जाते. हे फार दिवस चाललं तर कार्डही खराब होतं, तेव्हा लांबणीवर टाकू नका.

खात्री करायला एक पैसा लागणार नाही. उद्या अंधार पडायच्या आत, पाचच्या सुमाराला, पुण्यातूनच अॅप उघडा आणि नाइट व्हिजन "ऑटो" वरून "बंद" करा. चित्र काळोखं येईल, पण कॅमेरा चालू राहिला तर दोष विजेचा. तरीही बंद पडला तर माझं चुकलं, मग वायफायकडे वळू.

जेलरोडकाका | गुरुवार, सकाळी ६.५५

माझा कॅमेरा काल जोडला गेला. नावं वेगळी केली आणि दहा मिनिटांत काम झालं. देवळालीच्या मेहुण्यांना फोन करून सांगितलं.

एक विचारतो. खोक्यातल्या कागदावर यूजर अॅडमिन आणि पासवर्ड १२३४५ लिहिला आहे. तोच ठेवला तर चालेल का? आमच्या घराच्या गेटवर कोण काय बघणार आहे?

गंगापूररोड | गुरुवार, सकाळी ९.३०

काका, तो आजच बदला, ही विनंती. गेटवर कोण येतं यात बाहेरच्या कोणाला रस नसेल, पण तुमचा कॅमेरा हा एक छोटा कॉम्प्युटर आहे आणि तो हवा असणारे पुष्कळ आहेत. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने हेच केलं. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या यूजर-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती, त्या तो इंटरनेटवर सापडेल त्या कॅमेऱ्यावर, डीव्हीआरवर, राउटरवर लावून पाहायचा. लाखांवर उपकरणं ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडल्या. ज्यांचे कॅमेरे वापरले गेले त्यांना पत्ताही नव्हता.

तेव्हा कॅमेऱ्याचा पासवर्ड वेगळा, अॅपच्या खात्याचा वेगळा, राउटरच्या पानाचाही बदललेला. अॅपमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर चालू करा. फर्मवेअरचं (कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आलं की दिवसा करा, लाइट जाण्याची भीती नसेल तेव्हा. राउटरमध्ये यूपीएनपी (उपकरणांना बाहेरच्यांसाठी आपोआप वाट उघडू देणारी सोय) बंद ठेवा.

आणि कोणी "पोर्ट फॉरवर्ड करून देतो", म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत यायची वाट राउटरमध्ये उघडून देतो, म्हणालं तर नको म्हणा. पुण्यातून चित्र बघायला त्याची गरज नसते. कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरकडे बाहेर जाणारी जोडणी करतो आणि अॅप तिथून त्याला गाठतं. शिवाय आपल्याकडे बऱ्याच फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. राउटरच्या पानावर वॅनचा (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान दिसला तर तुम्ही अनेकांबरोबर एकाच पत्त्यामागे आहात, पोर्ट उघडूनही बाहेरून काही पोचणार नाही.

ज्यांना कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहायचं नाही त्यांनी कॅमेरा घेतानाच ऑनव्हिफ आणि आरटीएसपी (कंपनीच्या अॅपशिवाय चित्र घेता येण्याच्या सामाईक पद्धती) चालतं का हे विचारून घ्यावं. मग घरातल्या घरात जुन्या लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये पत्ता टाकून चित्र दिसतं, पोर्ट बहुतेक ५५४. टॅपो कंपनीच्या कॅमेऱ्यांत अॅपमधून वेगळं कॅमेरा खातं तयार करावं लागतं, पत्त्याच्या शेवटी स्ट्रीम१ लिहिलं की मोठं चित्र, स्ट्रीम२ लिहिलं की हलकं. काही स्वस्त कॅमेऱ्यांत हे अजिबात नसतं आणि खोक्यावर तसं लिहिलेलंही नसतं.

तुळसपान | गुरुवार, रात्री ९.०५

दादा, चालू राहिला! पाच वाजता नाइट व्हिजन बंद केलं. आत्ता नऊ वाजलेत, चित्रात रस्त्यावरच्या दिव्याचा पिवळा पट्टा आणि आईच्या दिव्याचा एक ठिपका एवढंच दिसतंय, पण जोडणी तुटलेली नाही. मला इतकं हायसं वाटलं की आईला लगेच फोन केला.

तिने मात्र दुसरंच काढलं. आमच्या ओट्यावर दुपारी तीनला शेजारच्या दोघी-तिघी बसायच्या. निवडणं-टिपणं, गप्पा, हे माझ्या लहानपणापासून. कॅमेरा लागल्यापासून कोणी येत नाही. एकीने आईला विचारलं, "तुमच्या लेकीला पुण्यात सगळं ऐकू जातं ना?" आई म्हणाली, "चोर येईल तेव्हा येईल, माणसं आत्ताच यायची थांबली." हे ऐकून मला आज रात्री झोप लागणार नाही. मी तिची सोबत करायला म्हणून कॅमेरा लावला आणि होती ती सोबतच तोडली.

जुनावाडा | गुरुवार, रात्री १०.१५

ताई, हे आमच्याकडेही झालं. पंचवटीत वाडा आहे, पाच बिऱ्हाडं, मधे चौक. एकाने चौकात कॅमेरा लावला आणि बायकांनी वाळवणं घालणं बंद केलं. भांडण व्हायच्या बेतात होतं. शेवटी सगळ्यांना बसवून फोनवर दाखवलं की काय दिसतं. मग कॅमेरा चौकावरून काढून दिंडीदरवाजावर फिरवला. आता कोणाचीच तक्रार नाही.

तुम्ही कॅमेऱ्याचं तोंड ओट्यावरून गेटकडे वळवा. अॅपमध्ये प्रायव्हसी झोन असतो, चित्राच्या ज्या भागात शेजाऱ्यांचं दार येतं तिथे काळा चौकोन टाका, तो भाग रेकॉर्डच होत नाही. आणि आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा. गेटवरच्या चोराचा आवाज तसाही कोणाला लागत नाही. पण हे सगळं नुसतं करू नका. त्या काकूंना फोन द्या, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.

कोर्टाजवळ | शुक्रवार, सकाळी १०.४०

वकिली करते म्हणून दोन गोष्टी जोडते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे असा निकाल दिला. आपल्या दारावर कॅमेरा लावण्याला त्याने बाधा येत नाही, पण समोरच्याच्या खिडकीत, बाथरूमच्या झरोक्यात डोकावणारा कॅमेरा हे गुन्ह्यापर्यंत जाऊ शकतं. जुनावाडा यांनी सांगितलेला काळा चौकोन फार मोलाचा आहे.

दुसरं, देव न करो पण काही घडलंच तर. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर सोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) नोंदवावं लागतं. त्यामुळे क्लिप कापून, व्हॉट्सअॅपवर पाठवून मूळ पुसून टाकू नका. कार्ड भरलं की कॅमेरा जुन्यावर नवं लिहितो, म्हणून घटना घडल्यावर कार्ड लगेच बाहेर काढून ठेवा आणि दुसरं घाला. कॅमेऱ्यातलं घड्याळ भारतीय वेळेवर, म्हणजे +५.३० वर आहे ना हे आजच पाहा. अशिलांच्या रेकॉर्डिंगवर चिनी प्रमाणवेळ छापून आलेली मी पाहिली आहे, अडीच तास पुढे. त्यावर उलटतपासणीत किती वेळ जातो ते मलाच माहीत.

द्राक्षबाग | शुक्रवार, दुपारी १.२०

आमच्याकडे निफाडला मळ्यात कांदाचाळीवर लावायचा आहे. वायफाय नाही, लाइट रात्रीची-दिवसाची पाळी बदलते. सिमवाला फोरजी कॅमेरा आणि सोलर असं चालेल का? डेटा किती जाईल? आणि तारजोड दादांनी ताईंच्या वायरीचा उपाय सांगितला नाही अजून.

तारजोड | शुक्रवार, रात्री १०.५०

दिवसभर साइटवर होतो, आता सावकाश लिहितो.

तुळसपान ताई, पाच मीटरची यूएसबी केबल काढून टाका. नियम एकच लक्षात ठेवा, लांबवायची ती २३० व्होल्टची बाजू, ५ व्होल्टची नाही. इलेक्ट्रिशियनला सांगा, हॉलमधून पोर्चच्या छज्जाखाली चांगली तीन तारांची वायर पाइपातून न्यावी, अर्थिंगच्या तारेसकट. तिथे पाणी न शिरणारा प्लास्टिकचा डबा बसवावा, डब्यात सॉकेट, सॉकेटमध्ये खोक्यातला मूळ अॅडॉप्टर, आणि मूळ एक मीटरची केबल कॅमेऱ्याला. डब्यातली वायर खालून आत यावी आणि आत येण्यापूर्वी खाली एक वळसा घ्यावा, म्हणजे पावसाचं पाणी वळशावरून गळून पडतं, आत जात नाही. हे काम स्वतः करू नका, मेन बंद करून इलेक्ट्रिशियननेच करावं. त्याच्याकडे यूएसबी मीटर असेल तर आधी आणि नंतर कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज बघायला सांगा. आणि ही जोडणी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, राउटरही त्याच लाइनवर.

कॅमेरा वळवाल तेव्हा छज्जाचा पांढरा रंग चित्रात येऊ देऊ नका. रात्री इन्फ्रारेड त्यावर आपटून परत लेन्सवर येतं आणि गेट काळं दिसतं. कोळ्याचं जाळंही तसंच चमकतं. कोळी त्या दिव्यांपाशी जाळी विणतात, आठवड्याला कुंचा फिरवला तरी पुरे.

कार्डाचा हिशेब इथे कोणी विचारला नाही, पण सांगतो, कारण सगळे फसतात. १ एमबीपीएसने (सेकंदाला एक मेगाबिट) अखंड रेकॉर्डिंग केलं तर तासाला ४५० एमबी, दिवसाला १०.८ जीबी. तीन मेगापिक्सेलला २ एमबीपीएस धरलं तर ६४ जीबीच्या कार्डावर तीन दिवसही पूर्ण मावत नाहीत. कॅमेऱ्यात एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची नवी पद्धत) असेल तर ते निवडा, जुन्या एच.२६४ च्या जवळजवळ निम्म्यात काम होतं. कार्ड हाय एन्ड्युरन्स लिहिलेलं घ्या. साधं मोबाइलचं कार्ड सतत लिहिण्यासाठी बनवलेलं नसतं, न सांगता मरू शकतं.

द्राक्षबाग, तुमच्याकडे चालेल. हिशेब वरचाच. अर्ध्या एमबीपीएसचं हलकं चित्र तासभर पाहिलं तर सव्वादोनशे एमबी जाईल. रेकॉर्डिंग कार्डावर ठेवा, क्लाउडवर नको, म्हणजे तुम्ही बघाल तेवढाच डेटा जाईल. सोलरच्या कॅमेऱ्यात अखंड रेकॉर्डिंग बहुतेक नसतंच, हालचाल दिसली की जागा होतो. चाळीवर वाऱ्याने कापड हललं तरी जागा होईल, तेव्हा हालचालीचा चौकोन फक्त वाटेवर आखा. मळ्यात आधी फोनवर त्याच कंपनीच्या सिमची रेंज रात्री बघून मगच सिम घ्या.

आणि नवीन घेणाऱ्यांसाठी : ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची चाचणी सक्तीची झाली आहे. दुकानात जुना माल अजून दिसतो, एसटीक्यूसी (केंद्र सरकारची चाचणी यंत्रणा) प्रमाणित आहे का हे विचारून घ्या. नव्या घरात वायरिंग चालू असेल तर वायफायच्या मागे न लागता शुद्ध तांब्याची कॅट सिक्स ही नेटवर्कची केबल टाकून घ्या. पीओईवर (त्याच केबलमधून वीजही नेण्याची पद्धत) ४८ व्होल्टने वीज जाते, करंट कमी, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत हे असलं दुखणं होतच नाही.

रात्रपाळी | शनिवार, सकाळी ७.४५

लांबवायची ती २३० व्होल्टची बाजू. हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, माझे दोन कॅमेरे असेच गेले.

तुळसपान | पुढच्या रविवारी, रात्री ८.३०

काल मी स्वतः नाशिकला आले. इलेक्ट्रिशियन दादांना इथला चर्चेचा धागा वाचून दाखवला, त्यांनी मनापासून ऐकून घेतलं आणि स्वतःहून यूएसबी मीटर मागवला. जुन्या केबलवर कॅमेऱ्याच्या टोकाला दुपारी ४.६ व्होल्ट होते. हाताने लेन्स झाकली, टक झालं, आकडा ३.९ वर आला आणि कॅमेरा गेला. मी डोळ्यांनी पाहिलं. नव्या जोडणीवर लेन्स झाकूनही ४.९. डबा, पाइप, वायर, मजुरी धरून ९५० रुपये झाले.

कॅमेरा गेटकडे वळवला, आवाज बंद केला, समोरच्यांच्या दारावर काळा चौकोन टाकला. मग आज दुपारी तीनला आईने त्या तिघींना चहाला बोलावलं आणि मी फोन त्यांच्या हातात दिला. एकीने उठून गेटपाशी जाऊन हात हलवला, दुसरी ओट्यावर बसून फोनमध्ये स्वतःला शोधत राहिली, सापडली नाही. मग मेथीच्या जुड्या निघाल्या आणि मला आत पिटाळण्यात आलं.

संध्याकाळी मी मुद्दाम आत बसले आणि आईला सांगितलं, तूच बघ. ती दिवा लावायला गेली. जरा वेळाने आत आली आणि म्हणाली, "एकदाच झालं गं टक."

द्राक्षबाग | रविवार, रात्री ८.५५

वा ताई. तो डबा केवढा घेतला? अॅडॉप्टर आत मावून झाकण लागतं का?

तुळसपान | रविवार, रात्री ९.१०

आठ इंच बाय सहा इंच, खोली चार इंच. तीन इंच खोलीचा आधी आणला होता, त्यात अॅडॉप्टर उभा बसल्यावर झाकण लागेना. चारच घ्या.